सोबत येणाऱ्यांचाही केसपेपर

आपल्या दवाखान्यात रुग्ण सहसा एकटा येत नाही. लहान मूल असेल तर सोबत आई किंवा आजी असते, पक्षाघाताचा रुग्ण असेल तर पत्नी असते, स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर बहुधा त्याच्याच वयाचा जोडीदार असतो. आपण रुग्णाचे नाव, वय, वजन व तक्रार लिहून घेतो. आजाराचा इतिहास सोबत आलेल्या व्यक्तीला विचारतो, औषधांच्या वेळा तिलाच समजावून देतो आणि पुढची तारीखही तिच्याच हाती देतो. उपचाराचा सारा भार जिच्यावर टाकला, तिची प्रकृती तो भार पेलण्याजोगी आहे काय, हा रकाना मात्र केसपेपरवर कोठेही छापलेला नसतो.

ही सोबत येणारी व्यक्ती साठीच्या पुढची असेल तर तिचाही स्वतंत्र केसपेपर काढावा, अशी या लेखाची साधी सूचना आहे. ती का करावीशी वाटली आणि ती अंमलात कशी आणता येईल, याचा विचार पुढे केला आहे.

बालरोगतज्ज्ञाने हा विषय का घ्यावा?

वृद्धांचे आरोग्य हा विषय फिजिशियनांचा, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बालरोगतज्ज्ञाच्या खोलीत बसणाऱ्या मोठ्या माणसांचे वय अलीकडे वाढत चालले आहे. याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण घराच्या रचनेत आहे. आपल्या इंदूरचेच उदाहरण घ्या. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतील मराठी घरांत आजी-आजोबा आहेत. मुलगा आणि सून मात्र दोघेही नोकरीत आहेत, किंवा पुण्याला, बंगळूरला, परदेशात आहेत. जी नातवंडे इंदुरात आहेत त्यांचा सकाळी आठ ते संध्याकाळी सात हा वेळ बहुतांशी आजीच्या पदरात असतो. पुष्कळ घरांत तीच आजी त्याच वेळी अंथरुणास खिळलेल्या पतीचे किंवा नव्वदीतल्या सासूचेही करीत असते.

दुसरे कारण वैद्यकशास्त्राच्या यशात आहे. पूर्वी जी मुले जगत नसत ती आता जगतात आणि मोठी होतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान अमेरिकेत १९८३ च्या सुमारास २५ वर्षे होते. ते आता सुमारे ६० वर्षांपर्यंत पोहोचले आहे. सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, स्वमग्नता असलेली मुले आपल्याकडेही तिशी-चाळिशी गाठीत आहेत. बालरोगशास्त्राची पुस्तके अठराव्या वर्षी थांबतात. शासनाचा २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही अठराव्या वर्षी थांबतो. आई मात्र थांबत नाही. माझ्याकडे तान्हेपणी आलेला सेरेब्रल पाल्सीचा एक मुलगा आज एकोणतीस वर्षांचा आहे आणि त्याची आई चौसष्ट वर्षांची. त्याच्या फिट्स, बद्धकोष्ठता, दात, आहार या सर्वांची नोंद माझ्या कागदांत आहे. त्याला गेली एकोणतीस वर्षे उचलणाऱ्या पाठीची नोंद ठेवणारा कागद मात्र कोणत्याच दवाखान्यात नव्हता, कारण त्या पाठीसाठी त्या कधी कोणाकडे गेल्याच नव्हत्या.

डाऊन सिंड्रोमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सर्वसामान्य वाचकांस ठाऊक नसते. अल्झायमरशी संबंधित एक महत्त्वाचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असते आणि या व्यक्तींत ते गुणसूत्र तीन प्रतींत असते. त्यामुळे चाळिशीपर्यंत त्यांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल जवळजवळ सर्वत्र आढळतात, व पन्नाशीच्या आसपास अनेकांत स्मृतिभ्रंश प्रकट होतो. ज्या आईने दहा वर्षे खपून मुलाला शर्टाची गुंडी लावायला शिकविले, तिला पंचाहत्तरीत तो ती गुंडी विसरताना पाहावे लागते. त्या वयात तिची स्वतःची प्रकृती कशी आहे, हे विचारणारा कोणीतरी असला पाहिजे.

शब्दाविषयी थोडेसे

इंग्रजीतील ‘केअरगिव्हर’ या शब्दास मराठीत काळजीवाहक, शुश्रूषक असे प्रतिशब्द आहेत. पण ते घरात कोणी वापरीत नाही. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांनी रुग्णासाठी ‘शुभार्थी’ व त्याची काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हे शब्द रूढ केले आहेत. मला ते आवडतात, कारण त्यांत दया नाही, नाते आहे. या लेखात मी ‘शुभंकर’ हाच शब्द वापरीत आहे.

वेतन न घेता घरात केलेल्या या कामाची गणना आपल्या देशात उशिरा सुरू झाली. २०१९ साली झालेल्या राष्ट्रीय समय-उपयोग सर्वेक्षणात, घरातील व्यक्तींची काळजी घेण्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात व पुरुष ७६ मिनिटे देतात असे दिसले. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यासाठीची २९९ मिनिटे वेगळीच. म्हणजे शुभंकर बहुधा स्त्री असते. पण पत्नीला स्मृतिभ्रंश झाल्यामुळे सत्तरीत प्रथमच कुकर लावावयास शिकलेले गृहस्थही आपल्या समाजात आहेत, आणि ते स्त्रियांपेक्षा कमी बोलतात. देशात साठीच्या पुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना, म्हणजे ७.४ टक्के ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मांडला गेला. त्यांपैकी बहुसंख्यांची काळजी घरातच घेतली जाते.

शरीरावर होणारे परिणाम

रुग्णाला उचलण्यापासून सुरुवात करू. रुग्णालयातील प्रशिक्षित कर्मचाऱ्याने एकट्याने, हातांनी रुग्णाचा किती भार उचलावा, यासाठी अमेरिकेतील थॉमस वॉटर्स या संशोधकाने २००७ साली ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो ही मर्यादा सुचविली. हे वजन साधारणतः चार-पाच वर्षांच्या मुलाचे होय. सेरेब्रल पाल्सी असलेला पंधरा वर्षांचा मुलगा कृश असला तरी बहुधा या मर्यादेपेक्षा जड असतो. त्याला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तेथून स्नानगृहात आणि परत, असे दिवसातून सहा-आठ वेळा हलवावे लागते. स्नायूंत ताठरपणा असल्याने तो अंगाशी येत नाही, उलट मागे ताणला जातो. हे काम जर साठीतील, रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेली स्त्री करीत असेल, तर मणक्याचा दबून होणारा अस्थिभंग, खांद्याचे स्नायू फाटणे, गुडघ्यांची झीज, अंग बाहेर येणे आणि खोकताना लघवी सुटणे या तक्रारी जवळजवळ ठरलेल्याच. शेवटच्या दोन तक्रारी तर लाजेपोटी सांगितल्याच जात नाहीत.

दुसरा परिणाम झोपेवर होतो. रात्री कूस बदलणे, लघवीला नेणे, फिट येते काय म्हणून जागे राहणे, यांमुळे सलग चार तास झोप न मिळालेली अशी कैक वर्षे जातात. तुटक झोपेने रक्तदाब व साखर यांचे नियंत्रण बिघडते, हे आपण सर्व जाणतो.

तिसरा परिणाम स्वतःच्या उपचारांवर होतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘तेवढे दिवस याला कोण पाहील’ म्हणून पुढे ढकलली जाते. लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी बाहेर पडावयाच्या दिवशी वगळली जाते. झोपेची गोळी रात्री उठता येणार नाही म्हणून नाकारली जाते. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण मात्र सर्वांचे झाल्यावर, तीन वाजता होते. अशा रुग्णाला ‘औषधे नियमित घेत नाही’ असा शेरा मारणे सोपे आहे. पण कारण न शोधता तो शेरा निरुपयोगी ठरतो.

संशोधन काय सांगते?

शुभंकरांच्या प्रकृतीवरील तीन अभ्यास येथे नमूद करण्याजोगे आहेत.

अमेरिकेत रिचर्ड शुल्झ व स्कॉट बीच यांनी ६६ ते ९६ वर्षे वयाच्या, जोडीदाराची काळजी घेणाऱ्या व्यक्तींचा सुमारे चार वर्षे पाठपुरावा केला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण, अशी जबाबदारी नसलेल्या समवयस्कांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक होते. ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांच्यात मात्र अशी वाढ दिसली नाही.

जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर व सहकाऱ्यांनी १९९५ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया आणि तेवढ्याच इतर स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून ती भरण्यास लागणारा काळ मोजला. काळजी घेणाऱ्या स्त्रियांना सरासरी नऊ दिवस अधिक लागले. त्याच गटाने १९९६ साली दाखविले की, अशा जोडीदारांत इन्फ्लुएन्झाच्या लसीला मिळणारा प्रतिसादही क्षीण असतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१३ साली डेव्हिड रॉथ व सहकाऱ्यांनी केलेल्या मोठ्या अभ्यासात, कुटुंबातील व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी आढळला. हे वरकरणी विसंगत वाटते, पण तसे नाही. ज्याच्या अंगी बळ आहे, पाठीशी माणसे आहेत आणि कामाचे तास आवरण्याजोगे आहेत, त्याला सेवा जगण्याचे प्रयोजन देते. जो एकटा पडला आहे आणि ज्याला सुटीच नाही, त्याला तीच सेवा पोखरते. म्हणून शुभंकराला ‘हे काम सोडा’ असे सांगणे चूक आणि अशक्यही आहे. त्याचा ताण मोजून तो मर्यादेत आणणे, हे आपले काम होय.

मनाचे ओझे

‘मला काही नाही हो डॉक्टर, याचे तेवढे पाहा.’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यामागे पुष्कळ काही दडलेले असू शकते. वार्धक्यातील नैराश्य रडण्यातून क्वचित दिसते. अंगदुखी, भूक मरणे, छातीत धडधड, पहाटे तीनला जाग, या रूपांनी ते अधिक येते. शुभंकराच्या बाबतीत त्यात दोन भावना मिसळतात. एक राग, आणि दुसरी त्या रागाची खंत. मुलावर हात उगारला गेला किंवा पतीवर ओरडले गेले, की पुढचे चार दिवस स्वतःला दोष देण्यात जातात. अशी कबुली मिळाली तर उपदेश करू नये. तो थकव्याचा मापक समजावा.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो. ‘देवाने दोघांना एकदमच न्यावे’ हे वाक्य वृद्ध आईवडिलांच्या तोंडी वारंवार येते आणि आपण ते बोलण्याची रीत म्हणून सोडून देतो. बहुतेक वेळा ती रीतच असते, पण प्रत्येक वेळी नाही. हे वाक्य कानी आले की खोलीत इतर कोणी नसताना सरळ विचारावे: ‘काकू, असे काही करावे असे मनात येते का? त्याचा विचार केला आहे का?’ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट सांगण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे, घरातील दुसऱ्या जबाबदार व्यक्तीस बोलावून घ्यावे, आणि तोवर दोघांनाही एकटे सोडू नये. फिट्सच्या औषधांचा घरातील साठाही दुसऱ्याच्या ताब्यात द्यावा.

दोन मिनिटांत विचारावयाचे प्रश्न

ताण मोजण्यासाठी स्टीव्हन झरिट व सहकाऱ्यांनी १९८० साली प्रश्नावली तयार केली. तिच्या आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रूपात २२ प्रश्न असून गुण ० ते ८८ पर्यंत असतात. गर्दीच्या ओपीडीत ती भरून घेणे कठीण असते. म्हणून मी पुढील सात प्रश्न वापरतो.

१. रात्री सलग किती तास झोप मिळते?
२. तुमच्या स्वतःच्या गोळ्या कोणत्या, आणि गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेल्या?
३. दिवसातून किती वेळा उचलावे लागते? तेव्हा कोठे दुखते?
४. स्वतःची तपासणी शेवटची केव्हा झाली? एखादी शस्त्रक्रिया पुढे ढकलली आहे काय?
५. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिले काय? एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे काय?
६. गेल्या महिन्यात स्वतःसाठी म्हणून घराबाहेर केव्हा पडलात?
७. उद्या तुम्हालाच ताप आला तर हे काम कोण करील?

पाचवा प्रश्न नैराश्याच्या चाळणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन प्रश्नांवर बेतलेला आहे. तेथे प्रत्येक प्रश्नास ० ते ३ गुण देतात व बेरीज ३ किंवा अधिक आल्यास सविस्तर तपासणी करतात. माझ्या अनुभवात सर्वांत बोलके उत्तर सातव्या प्रश्नाला मिळते, कारण पुष्कळदा त्याला उत्तरच नसते.

दवाखान्यात काय करता येईल?

बालरोगतज्ज्ञाने मधुमेहावर उपचार करावेत असे माझे म्हणणे नाही. पण रक्तदाब मोजणे, वजन पाहणे, बोटातून साखर तपासणे आणि चिठ्ठी लिहून योग्य सहकाऱ्याकडे पाठविणे, हे कोणत्याही डॉक्टरास शक्य आहे. चिठ्ठीत ‘या घरी पूर्ण वेळ शुश्रूषा करतात’ एवढी ओळ लिहिली तर पुढचा डॉक्टर औषधांच्या वेळा त्यानुसार बसवू शकतो. शुभार्थी आणि शुभंकर या दोघांच्या भेटी एकाच दिवशी ठेवल्या तर एक फेरी वाचते, आणि बहुधा तेवढ्यानेच शुभंकराची तपासणी होऊन जाते.

लसीकरण ही तर आपली हक्काची जागा. बालरोगतज्ज्ञाच्या फ्रिजमध्ये इन्फ्लुएन्झाची लस असतेच. नातवाला देताना आजीलाही दरवर्षी द्यावी. पासष्टीच्या पुढे न्यूमोकॉकसची लस सुचवावी. घरात बाळ येणार असेल तर ते सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना धनुर्वात, घटसर्प व डांग्या खोकला यांची प्रौढांसाठीची एकत्रित लस आधीच द्यावी. प्रतिसाद काहीसा क्षीण असू शकतो, हे लस न देण्याचे कारण होऊ शकत नाही.

घरात काय बदलता येईल?

पलंग आणि चाकाची खुर्ची यांची उंची सारखी केली तर उचलण्याचे सरकविणे होते. अंगाखाली दुहेरी घडीची मजबूत चादर ठेवून दोघांनी दोन बाजूंनी ओढावे. खुर्चीचे ब्रेक आधी लावावेत. ओढताना कमरेतून पिळवटू नये, पाय वळवावेत. रुग्णाच्या कमरेला रुंद पट्टा बांधला तर काखेत हात घालून ओढण्याची गरज राहत नाही. कमोडची खुर्ची आणि स्नानगृहातील दांडा यांचा खर्च एका मणक्याच्या उपचारापेक्षा पुष्कळ कमी असतो. फिजिओथेरपिस्टना घरी एकदा बोलावून या गोष्टी शिकून घेतल्या तर ते पैसे वाया जात नाहीत.

रात्रीच्या पाळ्या असाव्यात. आठवड्यातून दोन रात्री जरी दुसऱ्या कोणी जबाबदारी घेतली तरी फरक पडतो. परगावी असलेल्या मुलांना एक विनंती आहे. पैसे जरूर पाठवा, पण कामाचा एखादा भाग दुरूनही घेता येतो. औषधे मागविणे, डॉक्टरांच्या वेळा ठरविणे, विम्याचे व बँकेचे कागद सांभाळणे, ही कामे पुण्यात किंवा परदेशात बसूनही करता येतात. आणि वर्षातून एकदा घरी याल तेव्हा पाहुणे म्हणून येऊ नका. पंधरा दिवस आईच्या जागी उभे राहा आणि तिची शस्त्रक्रिया त्या पंधरवड्यात करून घ्या.

आणखी एक काम आजच करण्याजोगे आहे. एका पानावर रुग्णाची माहिती लिहून ती स्वयंपाकघराच्या दारामागे लावावी: आजाराचे नाव, औषधे व मात्रा, फिट आल्यास काय करावे, कसे भरवावे, काय गिळता येत नाही, तो कशाने घाबरतो आणि कशाने शांत होतो, डॉक्टरांचा व दोन नातलगांचे फोन. आई अचानक रुग्णालयात दाखल झाली की हे ज्ञान तिच्याबरोबर जाते. फिट्सचे औषध अचानक बंद पडले तर मुलाला न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात. घरात एकाऐवजी दोन गंभीर रुग्ण होतात, ते असे.

आमच्या माघारी

वृद्ध आईवडिलांना सर्वांत अधिक पोखरणारा प्रश्न औषधांचा नसतो. ‘आमच्या माघारी याचे काय?’ हा प्रश्न रात्रीची झोप घालवितो. त्याला संपूर्ण उत्तर कोणाकडेच नाही. पण काही कागद वेळेवर केले तर तो प्रश्न हलका होतो.

मूल अठरा वर्षांचे झाले की, त्याला कितीही गंभीर बौद्धिक अक्षमता असली तरी, आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्हास्तरीय स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमता येतो. या समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. आईवडिलांनी स्वतः पालकत्व घ्यावेच, पण पुढचा पालक कोण, याची चर्चा आपण हयात असताना, त्या व्यक्तीस समोर बसवून करावी. भाऊ-बहिणींना गृहीत धरू नये; त्यांना विचारावे.

याच न्यासाच्या निरामय योजनेत या चार गटांतील व्यक्तींना वार्षिक एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, पूर्वतपासणीची अट नसते आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या आहेत. त्यांसाठीचे यूडीआयडी कार्ड काढलेले असावे. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांचे मूल अक्षमतेमुळे उपजीविका करू शकत नसेल, तर त्यास नियमानुसार आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याचे नाव निवृत्तिवेतनाच्या आदेशात आपण असतानाच नोंदवून घ्यावे. इतर नोकऱ्यांतील नियम आपापल्या कार्यालयात विचारावेत. मृत्युपत्रात त्या मुलाचा वाटा थेट त्याच्या नावे न ठेवता न्यासाच्या रूपाने ठेवावा काय, याचा सल्ला वकिलांकडून घ्यावा.

स्वतः शुभंकरासाठीही काही सोयी आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेत कुटुंबास वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण मिळते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि मानसिक आधारासाठी २०२२ साली सुरू झालेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

समाज म्हणून

आपल्या मराठी समाजात गणेशोत्सव, कोजागिरी, हळदीकुंकू, भजनी मंडळे, व्याख्यानमाला यांची कमतरता नाही. या कार्यक्रमांना कोण येत नाही, याची यादी केली तर शुभंकरांची यादी तयार होईल. ‘हल्ली त्या दिसत नाहीत’ असे आपण म्हणतो व पुढच्या विषयाकडे वळतो. त्याऐवजी शेजारच्या कोणी दोन तास त्यांच्या घरी बसावे आणि त्यांना भजनाला पाठवावे. तो दोन तासांचा विसावा औषधाइतकाच उपयोगी पडतो. आपल्यात निवृत्त परिचारिका, शिक्षिका, बँक कर्मचारी पुष्कळ आहेत. प्रत्येक वसाहतीत चार-पाच जणांनी आठवड्याचे दोन तास दिले तरी काम भागते. येणाऱ्यास रुग्णाची सवय व्हावी म्हणून पहिल्या दोन खेपा आईच्या उपस्थितीत व्हाव्यात, आणि येणारी व्यक्ती शक्यतो तीच असावी, एवढे पथ्य पाळावे.

आपल्या डॉक्टरांच्या संस्थेपुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, सभासदांनी आपापल्या भागातील साठीपुढील शुभंकरांची त्यांच्या संमतीने नोंद करावी. दुसरी, वर्षातून दोनदा, रविवारी सकाळी, त्यांच्यासाठीच तपासणीचे शिबिर घ्यावे. नेत्र, अस्थिरोग, स्त्रीरोग व मानसोपचार या शाखांचे सहकारी एकाच छताखाली असावेत, आणि शुभार्थींना सांभाळण्यासाठी शेजारच्या खोलीत स्वयंसेवक असावेत. ही शेवटची व्यवस्था नसेल तर शिबिराला कोणी येऊ शकणार नाही. तिसरी, वकील व निवृत्त अधिकारी यांच्या मदतीने पालकत्व व विमा यांचे अर्ज भरून देण्याचा एक दिवस ठेवावा. या तिन्ही गोष्टींना मोठा निधी लागत नाही. सवड आणि सातत्य मात्र लागते.

या सूचनांचा विचार संस्थेच्या सभेत होईलच. तोपर्यंत प्रत्येक सभासदाने उद्याच्या ओपीडीपासून एवढे करावे: सोबत आलेल्या आजींना किंवा काकांना खुर्ची देऊन त्यांचे नाव व वय विचारावे, हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधावा, आणि वरील सात प्रश्नांपैकी निदान पहिला व शेवटचा विचारावा. उत्तरे स्वतंत्र कागदावर लिहून, वर त्यांचेच नाव घालून, पुढच्या भेटीची तारीख टाकावी.